हात चालतोय तोवर

धाकट्या बाई खोली मोजायला आल्या तेव्हा मी चुलीतली राख उपसत होते. सोबत एक मिस्त्री, त्याच्या हातात टेप. मी 'बसा' म्हणायच्या आत टेप भिंतीला लागलीसुद्धा. मिस्त्री माझ्या भांड्यांच्या फळीपासून खिडकीपर्यंत गेला, खिडकीपासून सासूबाईंच्या खाटेपर्यंत आला आणि मला म्हणाला, "पाय जरा उचला." मी राखेचं घमेलं घेऊन बाजूला झाले.

"काही नाही गं," धाकट्या बाई म्हणाल्या, "छताचं जरा बघायचंय."

छताचं बघायचं होतं तर जमीन कशाला मोजायची, एवढं मलाही कळतं. पण मी गप्प बसले. मी तोंडाची फटकळ आहे, अख्खी वस्ती जाणते. पण फटकळपणा करायलाही पायाखाली स्वतःची फरशी लागते, आणि ती आमची नव्हती.

टेकाडावर वरचं घर. त्याच्या आवाराच्या खालच्या टोकाला आमची दगडी खोली, मागे पडवी. वरच्या घरच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे ह्या धाकट्या बाईंच्या सासूने, ती खोली माझ्या सासूबाईंना राहायला दिली होती. भाडं नाही, कागद नाही. दर नाताळला एक गोधडी द्यायची, बस. "तुझा हात चालतोय तोवर खोली तुझी," असा शब्द. मोठ्या बाई गेल्या त्या जाताना सुनेला सगळ्यांदेखत हा शब्द बजावून गेल्या. सुनेने मान डोलावली. मरायला टेकलेल्या माणसापुढे कोण डोलावत नाही?

आता धाकट्या बाईंना हिवाळ्यातल्या पाहुण्यांना द्यायला खोल्या हव्या होत्या. तबेल्याची खोली रंगवून झाली. माळ्याची झाली, माळी आता बहिणीच्या ओसरीत झोपतो. राहता राहिलो आम्ही.

त्यात त्या वर्षी थंडीने कहर केला. नदी गोठली, वरून ओंडके वाहत यायचे बंद झाले आणि लाकडाच्या वखारीला कुलूप लागलं. आमचे हे त्या वखारीत करवतीवर. घरी बसले. रिकामा हात ह्यांना सोसत नाही, म्हणून पटाशी घेऊन लाकडाच्या चिमण्या कोरायला लागले, चर्चच्या नाताळ बाजारात मांडायला. पोरगी कागदाच्या चांदण्या कापायची आणि चिकटपट्टी दातांनी तोडायची. सासूबाई खिडकीशी गोधडीवर. दारातून डोकावणाऱ्याला वाटावं, काय गोड घर आहे. आणि होतंही, खोटं कशाला बोलू. चुलीवर चहा उकळत असायचा, पोरगी शाळेतली नाताळची गाणी भलत्याच चालीत म्हणायची, हे तिला चिडवायचे, सासूबाई हसायच्या.

सासूबाई डावखुऱ्या. लहानपणी शाळेत त्यांचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे म्हणे, सुटला की पुन्हा डाव्यानेच. आपण सगळे उजवीकडून डावीकडे शिवत जातो, त्या डावीकडून उजवीकडे. चौकटीचे दोन लांब दांडे, मध्ये कापड ताणलेलं, समोर जेमतेम हातभर भाग उघडा. तेवढा शिवून झाला की आपल्याकडच्या दांड्यावर गुंडाळायचा आणि पलीकडून नवा ओढून घ्यायचा. गुंडाळलेलं मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर. शिवलेलं काम मग पुन्हा दिसतं ते गोधडी चौकटीवरून उतरल्यावरच.

त्यांचे डोळे अधू होत चाललेत हे आम्हाला उन्हाळ्यापासून माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. बोलायचं मात्र कुणीच नाही. सकाळी मी सुयांमध्ये दोरे ओवून उशीला टोचून ठेवायचे. त्या म्हणायच्या, "लाडावून ठेवलंयस मला. आळशी झाले मी." मी म्हणायचे, "व्हा की, वय आहे." तुकडे मात्र त्या अजूनही एकट्या जुळवायच्या. चिमटीत धरून सांगायच्या, हा सदऱ्याचा, हा पडद्याचा, हा तुझ्या लग्नातल्या परकराचा, हा निळा असणार. आणि तो निळाच असायचा.

पण शिवणं म्हणजे जुळवणं नव्हे. एके दिवशी मी चौकटीशेजारून चहाचा कप उचलायला वाकले आणि तशीच वाकून बघत राहिले. साबणाच्या वडीने मी आखून दिलेली रेघ एकीकडे आणि टाके भलतीकडेच चाललेले. मध्येच बोटभर टाका, मध्येच एकावर एक तीन. एका पांढऱ्या तुकड्यावर रक्ताचे ठिपके. बोट टोचलेलंही त्यांना कळलं नव्हतं, किंवा कळून त्या गप्प होत्या.

"आई, आज उजेड कमी आहे. राहू द्या की."

"उजेडाला काय झालंय? तू तुझं बघ."

संध्याकाळी पडवीत मी ह्यांना सांगितलं. हे चिमणीची चोच घासत होते, घासतच राहिले.

"ही गोधडी वर गेली तर आपण बाहेर," मी म्हटलं. "ती बाई टपूनच बसली आहे."

"मग आईला सांग, आता तू शिव म्हणून."

"तुम्ही सांगा. आई तुमची."

ह्यांनी चिमणीवर फुंकर मारली. "तिला ते सहन व्हायचं नाही."

"उघड्यावर झोपणं सहन होईल?"

आमच्या ह्यांचा स्वभावच असा, कठीण प्रश्न आला की त्यांच्या हातातलं लाकूड एकदम महत्त्वाचं होतं.

मग मी माझ्या मनाने ठरवलं. दुपारी जेवून सासूबाई आडव्या झाल्या की चौकट माझी. सकाळचे त्यांचे टाके कात्रीच्या टोकाने कापायचे, दोऱ्याचे तुकडे वेचून चुलीत टाकायचे, सुईची भोकं नखाने बुजवायची आणि त्याच रेघेवर पुन्हा शिवायचं. शिवलं की गुंडाळून टाकायचं. रक्ताचे डाग थुंकी लावून निघतात, पण म्हणतात ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते. मी माझीच लावली. डाग फिके झाले, पुरते गेले नाहीत. त्यावर कापडाचं एक फूल लावलं.

दोरा तुटताना बारीकसा 'टक्' आवाज होतो. सासूबाईंचे कान तीक्ष्ण. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही पटाशी थांबवू नका." तेवढं मात्र ह्यांनी केलं. मी उसवायला घेतलं की हे ठोकायला घ्यायचे. त्या हिवाळ्यात आमच्याकडे गरजेपेक्षा जास्त चिमण्या झाल्या त्या अशा.

पोरगीने एकदा विचारलं, "आजीचं का काढतेस?"

"नीट करतेय."

"आजीला सांगून कर ना."

"तुझ्या चांदण्या काप," मी म्हटलं. ती बिचारी चांदण्या कापायला लागली.

मला कुणी सांगू नये की मी चोरी केली. मी रात्रंदिवस राबणारी बाई. सकाळी वरच्या घरची धुणी, गोठलेल्या नळाला उकळतं पाणी घालून घालून बोटं भेगाळलेली, आणि दुपारी त्याच बोटांनी सासूचे टाके काढून सासूसारखेच टाके घालायचे. त्यांचा टाका किती लांब, मध्ये किती जागा, किती टाक्यांनंतर त्या एक टाका मागे घेऊन दोरा पक्का करतात, सगळं मी डोळ्यांत भरून घेतलं होतं. जुनी गोधडी शेजारी ठेवून पाहिलं. फरक सापडेना. मला स्वतःचा अभिमान वाटला, का वाटू नये? आयुष्यभर मी त्यांच्या हाताखाली गोट लावायला होते. काठाला गोट लावायचा सुनेने, मधलं सगळं सासूने. हे मधलं आता माझं होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

सकाळी त्या चौकटीशी बसल्या की विचारायच्या, "कुठवर आलं?"

मी त्यांचं बोट धरून जागा दाखवायचे. त्या तिथून पुढे शिवायला लागायच्या. शिवताना काय खुशीत असायच्या. म्हणायच्या, "ह्या वर्षी हात काय चाललाय बघ. मोठ्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, म्हातारे, तू तरणी व्हायला लागलीस." मी हूं म्हणायचे. एकदा तर मला वाटलं आत्ता सांगून टाकावं. पण चेहरा इतका फुललेला होता त्यांचा. मी चुलीत लाकूड सारलं आणि उठले.

नाताळच्या आदल्या दिवशी गोधडी उतरली. त्या म्हणाल्या, "बघू तरी." मी म्हटलं, "वर गेल्यावर बघा, इथे काजळी लागेल." चादरीत गुंडाळून दोरी बांधूनही टाकली. त्यांना राग आला, पण धाकट्या बाईंपुढे मळकी गोधडी नको हे त्यांनाही पटलं. ह्यांनी एक चिमणी दिली, रंगवलेली, भेट म्हणून. हे आणि पोरगी चांदण्या टांगत घरी राहिले.

वरच्या घरात शिरताच ऊब अशी अंगावर आली की माझं नाक वाहायला लागलं. मोठ्या खोलीत झाड सजवलेलं, पाहुण्यांची गर्दी. कुणी रिबिनी बांधतंय, कुणी मेणबत्त्या लावतंय, कुणी गालिच्यावर पाय पसरून अक्रोड फोडतंय. आमच्या ओल्या जोड्यांकडे पाहुण्यांतली एक पोरगी बघत राहिली, म्हणून मी ते काढून दाराबाहेर ठेवले. सासूबाईंचेही काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते मी घरी पाहिलं नव्हतं. पाय आत ओढून घ्या असं मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी ओढून घेतला, आणि सगळा वेळ एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

धाकट्या बाईंनी चिमणी घेतली, "अगंबाई, गोड," म्हणाल्या आणि खिडकीत ठेवली. मांजराने ती लगेच खाली पाडली. कुणी उचलली नाही.

"आजी, या. बघू ह्या वर्षी काय केलंय." मग पाहुण्यांकडे वळून, "आमच्याकडे अजून हाताने होतं बरं का हे. माझ्या सासूबाईंची हौस."

मी दोरी सोडली. गोधडी टेबलावर पसरली आणि खोली जरा शांत झाली. खोटं नाही सांगत, शांत झाली. अक्रोडवाला बाप्या उठून जवळ आला. एक म्हातारी पाहुणी चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "किती एकसारखं काम आहे हो. मशीन झक मारेल." माझे कान तापले.

"आजी, डोळे ठीक आहेत ना अजून?" धाकट्या बाईंनी विचारलं. प्रश्न मधात घोळवलेला, पण मला त्यातली सुई दिसली.

"ठणठणीत," सासूबाई म्हणाल्या.

"हे सगळं तुम्ही एकट्याने केलं?" म्हाताऱ्या पाहुणीने विचारलं.

"दुसरं कोण करणार?" सासूबाई म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी तळवा गोधडीवर ठेवला. कौतुकाने ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. तळवा काठाकडून मध्ये गेला. थांबला. मागे आला. मग त्यांनी फक्त तीन बोटं ठेवली आणि हळूहळू एका ओळीवरून फिरवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हा माझा हात नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" धाकट्या बाई.

"थंडीने बोटं बधिर झालीत त्यांची," मी म्हटलं. "आई, चला, चुलीशी हात शेका जरा. आई."

मी त्यांचा दंड दाबला. चांगला जोरात दाबला. लहान पोराला कळलं असतं. पण त्यांना त्या वेळी ना खोली दिसत होती, ना धाकट्या बाई, ना मी. चोराला पकडल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"बोटं बधिर नाहीत. हा उजव्या हाताचा टाका आहे. उजवीकडे कलतो. माझा डावीकडे कलतो. इथेही नाही माझा, इथेही नाही." त्या गोधडी चाचपत होत्या. "माझी गोधडी कुठे आहे? हिने बदलली. माझी कुठे ठेवलीस?"

ती गोधडी मी डोळ्यांनी तपासली होती, उजेडात धरून, जुन्या गोधडीशेजारी ठेवून. टाक्याचा कल डोळ्याला दिसत नाही. तो ओळखू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि मी त्याच माणसाला हाताला धरून टेबलापाशी आणलं होतं.

कुणीतरी गाण्याची तबकडी बंद केली. धाकट्या बाईंनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, खांद्यावर हात ठेवला. "बसा आजी. त्रास करून घेऊ नका." मग माझ्याकडे पाहिलं. "तू केलंस?"

"हो," मी म्हटलं. "काम बघा ना बाई. कुठे खोट आहे का? दरवर्षी देईन मी. माझा हात चालतोय की."

"काम सुंदरच आहे गं. पण शब्द आजींना दिलेला होता. त्यांचा हात चालतोय तोवर. तो मी पाळला की नाही, तूच सांग." आवाज इतका मऊ की पाहुण्यांना वाटलं असेल, किती प्रेमाने बोलते ही. "आता सणासुदीला तो विषय नको. बर्फ वितळलं की बघू. तोवर राहा निवांत."

"मग ही गोधडी?"

"ही तर ह्या वर्षाची झाली ना," त्या म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या. घडीसुद्धा उलटी घातली.

निघताना केकचा डबा दिला, पोरीसाठी. मी घेतला. फेकून मारायला हवा होता असं घरी गेल्यावर खूप वाटलं, पण तेव्हा दोन्ही हातांनी घेतला आणि 'येते बाई' असंही म्हणाले.

उतरणीला गोठलेली पायवाट. सासूबाईंनी माझा दंड धरला होता, त्याशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," त्या शेवटी म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग शिव्या दिल्या असत्या तुला. शिव्या देऊन शेवटी सुई तुझ्या हातात दिली असती. माझ्या हाताने दिली असती." त्या धापा टाकत होत्या. "तू मला रोज सकाळी बसवलंस. रोज बोट धरून जागा दाखवलीस. मी मूर्खासारखी शिवतेय, गाणी म्हणतेय, आणि तुम्ही नवरा-बायको माझ्या पाठीमागे..."

"आणि तुम्ही?" माझंही तोंड सुटलं. "चार माणसांत मिरवायला टाका महत्त्वाचा. आम्ही गेलो खड्ड्यात. एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला. एकच शब्द. आता नातीला कुठे झोपवणार आहात, त्या माळ्याच्या शेजारी, त्याच्या बहिणीच्या ओसरीत?"

त्या थांबल्या. खोलीचं त्यांना तेव्हा, त्या वाटेवर, पहिल्यांदा नीट कळलं. तोंडावरचा रागच निथळून गेला. खाली आमच्या खिडकीत पोरीने टांगलेल्या चांदण्या मला दिसत होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, अगदी बारीक आवाजात, पोरीने मागावं तसं, "किती उसवलंस?"

"सगळं."

"पहिली पट्टीसुद्धा? सुरुवातीची? तेव्हा मला दिसत होतं गं."

पहिली पट्टी मी उसवली नव्हती. ती त्यांचीच होती, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, आणि माझ्या सगळ्या कामापेक्षा ती सरस होती. टेबलावर तो भाग पलीकडच्या काठाला गेला होता. तिथवर त्यांचा हात पोचला नव्हता.

"तीसुद्धा," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड सोडला. दोन्ही हात पुढे धरून त्या एकट्याच उतरायला लागल्या. मी केकचा डबा छातीशी धरून मागे उभी राहिले आणि त्यांना जाऊ दिलं.